चाळीतली झडती आणि कलम ५०

एसटी स्टँडसमोर माझं झेरॉक्स आणि स्टेशनरीचं दुकान आहे. रत्नागिरी जिल्ह्यातला किनाऱ्याकडचा तालुका, नाव मुद्दाम लिहीत नाही. २०२१ च्या डिसेंबरातली गोष्ट. शुक्रवार होता, संध्याकाळचे सव्वासात. मशीनचा टोनर बदलत होतो, तेवढ्यात खाकी गणवेशातला एक तरुण वनरक्षक काउंटरशी येऊन उभा राहिला. लाकूड वाहतुकीच्या पासाच्या झेरॉक्स काढायला तो नेहमी यायचा, त्यामुळे ओळखीचा होता. म्हणाला, "काका, पंच म्हणून यायचंय. आत्ताच. किती वेळ लागेल ते सांगता येत नाही."

पंच व्हायला आमच्याकडे कुणी राजी नसतं. आज एक सही करायची आणि मग वर्षानुवर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवायच्या, हे सगळ्यांना ठाऊक आहे. मीही आधी दोन वेळा काहीतरी सबब सांगून सुटलो होतो. या वेळी त्याच्या हातात लेखी पत्र होतं. लेखी बोलावणं आल्यावर सबळ कारणाशिवाय झडतीला जायचं नाकारलं तर तो गुन्हा ठरतो, हे त्याने धमकी न देता, नीट समजावून सांगितलं. मुलाला फोन करून दुकानावर बसवलं, चष्मा घेतला आणि निघालो. दुसरा पंच म्हणून शेजारच्या सायकल दुरुस्तीवाल्याला घेतलं होतं.

रस्त्याकडेला दोन जीप उभ्या होत्या. एक आमच्या तालुक्याच्या वनखात्याची. दुसरी घाटावरची, दारावर 'वन्यजीव' असं लिहिलेलं. म्हणजे ही अभयारण्याची माणसं. बाहेरच्यांना वनखातं एकच वाटतं, पण आत दोन शाखा आहेत. गावोगावचं राखीव जंगल, मालकीतली तोड, लाकडाची ने-आण हे प्रादेशिक शाखा बघते. अभयारण्यं आणि राष्ट्रीय उद्यानं वन्यजीव शाखेकडे. आमच्या माथ्यावर सह्याद्री व्याघ्र प्रकल्प आहे. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० साली तो झाला. त्याची सर्वांत जवळची हद्द आमच्यापासून साठेक किलोमीटर. मग ही गाडी खाली समुद्राच्या बाजूला काय करतेय, हा प्रश्न माझ्या मनात तेव्हाच आला.

जीप महामार्गामागच्या एका चाळीपाशी थांबली. खोली क्रमांक चार. दारात पस्तिशीचा माणूस, आत त्याची बायको आणि चार-पाच वर्षांची मुलगी. दोन परिक्षेत्र अधिकारी (आरएफओ) होते, एक घाटावरचे, एक आमचे. आत पाऊल टाकण्याआधी आमच्या आरएफओ साहेबांनी आपले खिसे उलटे करून दाखवले, मग स्टाफने दाखवले, मग आम्हा दोघा पंचांनाही दाखवायला लावले. झडती घेणाऱ्याने आधी स्वतःची अंगझडती द्यायची, म्हणजे काही आणून ठेवलं असा आरोप नंतर राहत नाही. सोबत एक महिला वनरक्षक होत्या. घरातल्या बाईंशी फक्त त्याच बोलल्या, आणि मुलीला घेऊन त्यांना शेजारच्या खोलीत बसवलं.

त्या माणसाने दार अडवलं नाही, पण प्रश्न बरोबर विचारला. "तुम्ही अभयारण्यवाले. इथे कुठाय अभयारण्य? ही चाळ आहे. पोलीस कुठायत? वॉरंट दाखवा."

खरं सांगायचं तर मलाही तेच वाटत होतं. जंगलातल्या माणसाचा अधिकार जंगलापुरता, फाटक ओलांडलं की पोलिसांचा, अशी माझी सरळ समजूत होती.

आमचे साहेब चिडले नाहीत. म्हणाले, "वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२, कलम ५०. कोणताही वन अधिकारी. अमुक हद्दीतला असं त्यात लिहिलेलं नाही. तुम्ही गुन्हा केलाय असं मानायला रास्त कारण असेल तर जागेत शिरायचा, झडती घ्यायचा, जप्ती करायचा आणि वॉरंटशिवाय अटक करायचा अधिकार मला आहे. माझ्यासमोर उभ्या असलेल्या या वनरक्षकालाही आहे." मग त्यांनी कारण काय ते पंचांसमोर सांगितलं आणि पंचनाम्याच्या पहिल्या परिच्छेदात लिहूनही घेतलं: खवले मांजर, म्हणजे अंगभर खवले असलेला मुंग्या-वाळवी खाणारा प्राणी, विक्रीला आल्याची टीप घाटावरच्या कार्यालयाला मिळाली होती. टीप वरच्यांची, जागा खालची, म्हणून दोन्ही कार्यालयं एकत्र आली होती. कायद्यापुढे वरच्यांना एकट्यांनाही येता आलं असतं. पण गुन्हा नोंदवणं, मुद्देमाल ठेवणं, आरोपीला कोर्टात नेणं हे स्थानिक परिक्षेत्रातून सोपं जातं.

नंतर मी हा कायदा मराठीतून मिळेल तेवढा वाचून काढला. तेव्हा कळलं की यात दोन तऱ्हेच्या गोष्टी एकत्र आहेत आणि लोकांचा घोळ तिथेच होतो. परवानगीशिवाय आत जायचं नाही, हत्यार न्यायचं नाही, हे नियम अभयारण्याच्या हद्दीला बांधलेले आहेत. हद्दीबाहेर ते लागूच होत नाहीत, आणि हद्दीबाहेर कुणी वनरक्षक त्यांच्या नावावर तुम्हाला अडवू लागला तर तो चूक आहे. शिकारीची बंदी, बाळगण्याची बंदी, विक्रीची बंदी मात्र देशभर आहे. तुमच्या परसात, गाडीच्या डिकीत, मुंबईच्या फ्लॅटमध्ये, सगळीकडे. संरक्षित प्राणी अभयारण्यात पकडला की बाहेर, याने तो बाळगणं कायदेशीर होत नाही. आणि खवले मांजर पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्याच यादीत. कोकणात तर ते बहुतेक अभयारण्याबाहेरच राहतं: काजूच्या बागा, कातळाच्या कडा, गावाशेजारची रानं. अधिकार फाटकापाशी संपला असता तर आमच्या भागातलं एकही खवले मांजर कायद्याच्या आसऱ्याला आलं नसतं.

झडती. खाटेखाली खताची पिशवी, तिच्यात खवले. शिंपल्यासारखे, पण नखाच्या रंगाचे, काही तळहाताएवढे. मुळाशी वाळलेलं मांस चिकटलेलं होतं. वास अजून आठवतो. वजन करायला जवळच्या किराणा दुकानातून इलेक्ट्रॉनिक काटा आणला. आधी रिकामी पिशवी, मग भरलेली. खवले भरले दोन किलो आठशे साठ ग्रॅम. साहेबांनी आम्हा दोघांना आकडा वाचायला लावला, मगच लिहिला. काटा कुणाचा, तेही लिहिलं.

मोरीत झाकण लावलेला निळा ड्रम होता. वनपालांनी झाकण काढलं आणि बॅटरी मारली. आधी मला काहीच कळलं नाही, तळाशी मोठा फणस ठेवलाय असं वाटलं. मग तो फणस हलला. फुस्स असा आवाज आला, साप सोडतो तसा. जिवंत होतं. शेपटी अंगाभोवती घट्ट गुंडाळलेली, तोंड पोटात. एका बाजूचे चार-पाच खवले तुटलेले आणि तिथली कातडी ओली. वाघाच्या दातालाही हे प्राणी दाद देत नाहीत म्हणतात. माणसापुढे ते अंगाची गुंडाळी करून घेतात, तीच माणसाला सोयीची. उचलून पिशवीत टाकायचं, बस. त्या प्राण्याला ना पळता येतं ना चावता येतं, तोंडात दातच नाहीत, लांब जीभ आहे मुंग्या-वाळवी खायला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते लपवलं नाही.

पंचनामा लिहायला दोन तास लागले. वनपाल लिहीत होते, मी खाली बसून एकेक ओळ वाचत होतो. एका ठिकाणी झडती सुरू झाल्याची वेळ ७.२० लिहिली होती. तेव्हा तर मी दुकानातून नुकताच निघालो होतो. मी म्हटलं, "साहेब, चाळीत आलो तेव्हा माझ्या घड्याळात आठ वाजून दहा झाले होते." क्षणभर सगळे गप्प झाले. रात्र वाढत होती, सगळे थकलेले. साहेबांनी आकडा खोडला, वर ८.१० लिहिलं, बाजूला स्वतःची आणि आम्हा दोघांची सही घेतली. म्हणाले, "बरं झालं वाचलंत. न वाचता सह्या करणारे पंच आम्हालाच बुडवतात." पिशवी शिवली, वर सुतळी, सुतळीच्या गाठीवर लाख. मेणबत्ती वाऱ्याने विझत होती म्हणून महिला वनरक्षकांनी वहीचा आडोसा धरला. पितळी शिक्का लाखेवर दाबला, आणि त्याचा एक ठसा पंचनाम्याच्या कागदावरही घेतला. आमच्या सह्यांची चिठ्ठी गाठीखाली.

दुसरा आरोपी म्हणजे घेणारा. त्याची गाडी दोन किलोमीटर अलीकडे रस्त्यावर अडवली होती, आम्ही पंच पोचायच्या आधी. डिकीत पैसे आणि एक छोटी पिशवी सापडली, असं सांगितलं गेलं. आम्हाला ती पिशवी चाळीत आणल्यावर दाखवली. गाडी थांबवून तपासायचा अधिकारही कलम ५० मध्येच आहे. पण ते आमच्या डोळ्यांसमोर झालं नव्हतं. ही गोष्ट पुढे येणार आहे.

त्या रात्री सहायक वनसंरक्षकांची वाट बघताना चहा आला. मी साहेबांना विचारलं, इतक्या लांब यायची गरज काय, जंगल जंगलात राखावं. त्यांनी सरिस्काचं उदाहरण दिलं. राजस्थानातलं ते व्याघ्र अभयारण्य, गस्त होती, चौक्या होत्या, आणि २००५ मध्ये तिथे एकही वाघ उरला नसल्याचं उघड झालं. कातड्यांचा धंदा चालवणारा संसारचंद बसलेला होता दिल्लीच्या सदर बाजारात, जंगलापासून दूर. दुसऱ्या एका प्रकरणात, बिबट्याच्या कातड्यांच्या, त्याची शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये कायम केली. "आत कितीही राखा," साहेब म्हणाले, "विकत घेणारा बाहेरच असतो."

दुसऱ्या दिवशी आरोपींना न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर उभं केलं, चोवीस तासांच्या आत. तीन दिवसांची वनकोठडी मिळाली. पोलीस कोठडी ऐकली होती, वनकोठडी हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. सहायक वनसंरक्षकांनी जबाब नोंदवले. सरकारने प्राधिकृत केलेल्या या दर्जाच्या अधिकाऱ्याने आरोपीच्या समक्ष नोंदवलेला पुरावा पुढे खटल्यात वाचता येतो. पोलिसांपुढच्या कबुलीला कोर्टात किंमत नसते, वनाधिकाऱ्याला पोलीस धरत नाहीत, म्हणून हा फरक. केवढा मोठा अधिकार आहे हा, याचा विचार करून मला त्या दिवशी थोडं दडपण आलं. घरात शिरायचं, माणूस उचलायचा, त्याच्याकडून वदवून घ्यायचं, सगळं एकाच खात्याच्या हाती. म्हणूनच त्याच कायद्यात कलम ५३ पण आहे: खोट्या निमित्ताने, विनाकारण छळायला जप्ती केली तर अधिकाऱ्यालाच सहा महिन्यांपर्यंत कैद. मला वाटतं प्रत्येक वनरक्षकाला ही दोन्ही कलमं जोडीने शिकवली पाहिजेत.

जिवंत प्राण्याची कोर्टाने त्याच दिवशी सोडायची परवानगी दिली. पशुवैद्यकांनी जखम धुऊन औषध लावलं होतं. सोडतानाही पंचनामा लागतो, म्हणून मी पुन्हा गेलो. जागा कुठली ते लिहीत नाही. तिन्हीसांजेला पेटी आडवी करून सगळे मागे सरकले. बराच वेळ ते गोळाच होतं. वीसेक मिनिटांनी शेपटी सैल झाली, मग लांबट तोंड बाहेर आलं, बारीक डोळे. पुढचे पंजे वळवून, मुठीवर चालल्यासारखं ते वाळवीच्या वारुळाकडे गेलं आणि तिथेच उकरायला लागलं. कुणीच फोटो काढला नाही. पंचनाम्यात वेळ लिहिली ६.४०.

मग दीड वर्ष शांतता. समन्स आलं २०२३ च्या पावसाळ्यात. इथे एक गोष्ट मला कुणी आधी सांगितली नव्हती, ती सांगतो, म्हणजे पुढच्या पंचांची मनाची तयारी राहील. या कायद्याखालचा खटला पोलिसांच्या दोषारोपपत्रावर उभा राहत नाही, वनाधिकारी कोर्टात फिर्याद दाखल करतात. फिर्यादीवरच्या खटल्यात आरोप ठेवण्याआधी पुरावा होतो, आणि आरोप ठेवल्यावर साक्षीदारांना उलटतपासणीसाठी पुन्हा बोलावता येतं. म्हणजे एकाच पंचनाम्यासाठी दोनदा पिंजऱ्यात. माझ्या तारखा पकडून सात फेऱ्या झाल्या. तीनदा नुसता बसून परत आलो, एकदा आरोपीचे वकील आजारी म्हणून, दोनदा कामकाजाची वेळ संपली म्हणून. भत्ता एकदाच मिळाला. दुकान बंद ठेवायचं, सकाळची एसटी धरायची आणि चार वाजता 'पुढची तारीख' ऐकायची, याने माणूस खचतो. सायकलवाला भाऊ मधल्या काळात मुंबईला मुलाकडे गेला, आजारी पडला, त्याची साक्ष झालीच नाही. उरलो मी एकटा पंच.

उलटतपासणी २०२५ च्या मार्चमध्ये झाली. वकील हुशार होते. पहिला प्रश्न हद्दीचाच.

"घटनेची जागा अभयारण्यात येते का?"

"नाही."

"राखीव जंगलात?"

"नाही. चाळ आहे."

"वॉरंट दाखवलं होतं?"

"नाही."

ते थांबले, न्यायाधीशांकडे बघितलं आणि हे सगळं टिपून घ्यायला लावलं. मला वाटलं, माझ्या तोंडून केस गेली. बाहेर आल्यावर सरकारी वकील म्हणाल्या, "काका, तुम्ही खरं तेच सांगितलंत, बरोबर केलंत. तो कायद्याचा मुद्दा आहे, त्याला उत्तर मी देईन. तुम्ही बघितलं तेवढंच सांगायचं."

मग खाडाखोड. "ही वेळ नंतर बदलली, खरं ना?" मी सांगितलं, बदलली ती माझ्याच म्हणण्यावरून, तिथेच बसून, आणि बाजूला माझी सही आहे. पिशवी समोर आणली. लाखेचा ठसा कागदावरच्या ठशाशी मी ताडून दाखवला, चिठ्ठीवरची माझी सही ओळखली. काटा कुणाचा, तेही विचारलं, आणि ते लिहिलेलं होतं. त्या रात्री ज्या बारकाव्यांसाठी आम्ही ताटकळलो, नेमके तेच एकेक करून कामाला आले.

शेवटी गाडी. "गाडीची झडती तुमच्यासमोर झाली?" "नाही." "छोटी पिशवी डिकीतून निघाली हे तुम्ही स्वतः पाहिलं?" "नाही, आम्हाला चाळीत दाखवली." हे उत्तर देताना मला जड गेलं, कारण पुढे काय होणार ते कळत होतं. पण बघितलं नाही ते बघितलं म्हणून मी सांगू शकत नव्हतो.

निकाल ऑगस्टमध्ये लागला. हद्दीचा आक्षेप न्यायालयाने मानला नाही: गुन्हा प्राणी बाळगण्याचा आहे, तो कुठेही होऊ शकतो, आणि कलम ५० चा अधिकार अभयारण्यापुरता नाही. ताबा सिद्ध झाला की तो बेकायदा नाही हे आरोपीने दाखवायचं असतं, खोलीवाल्याला ते दाखवता आलं नाही. त्याला तीन वर्षं आणि दहा हजार दंड, गुन्हा घडला तेव्हाच्या कायद्यातली किमान शिक्षा. घेणारा संशयाचा फायदा मिळून सुटला. गाडीची झडती स्वतंत्र पंचांसमोर झाली नाही, पिशवी तिथे सील केली नाही, दोन किलोमीटर उघडी आणली.

मला याचा राग आहे, आणि तो मी उघड सांगतो. खोलीवाला गरीब होता, त्याची मुलगी त्या रात्री शेजारच्या खोलीत रडत होती, ते मला विसरता येत नाही. त्याने गुन्हा केला, शिक्षा योग्यच. पण ज्याच्या पैशावर हा धंदा चालतो तो गाडीतला माणूस मोकळा झाला, आणि त्याला मोकळं केलं ते एका घाईने. पंचांना आणायला पंधरा मिनिटं थांबले असते तर? किंवा मलाच आधी उचलून रस्त्यावर नेलं असतं तर? १ जुलै २०२४ पासून नव्या फौजदारी प्रक्रिया कायद्याने झडती-जप्तीचं व्हिडिओ चित्रण करायचं आहे. ते नुसतं कागदावर राहू नये. हद्दीबाहेरचा अधिकार कोर्टात टिकतो, हे मी स्वतः बघितलं. तो हातातून जातो तोही असाच, लाख आणि सुतळीपाशी.

सुटकेविरुद्ध दाद मागायची तर उच्च न्यायालयाची विशेष परवानगी लागते, आणि फिर्यादी सरकारी नोकर असेल तर त्यासाठी सहा महिने मिळतात. त्यातले चार गेले. आमचे साहेब बदलून गेलेत, नवीन साहेबांना हे प्रकरण माहीत असेलच असं नाही. येत्या सोमवारी पंचनाम्याची तारीख आणि वनगुन्ह्याचा नंबर चिठ्ठीवर लिहून मी कार्यालयात विचारायला जाणार आहे.